तुकोजीमामांची राहिलेली ओळ

माझ्या खोलीत एक खिडकी होती, एक बसके मेज, सहा पुस्तके, दोन वह्या, एक लाकडी रूळ आणि वडिलांचे सेकंदकाट्याचे घड्याळ. बीएच्या परीक्षेसाठी मद्रासच्या गाडीत बसायला एक्केचाळीस दिवस उरले होते. पदार्थविज्ञानाची दोनशे पाच उदाहरणे सोडवायची होती. रोज पाच सुटली तर सगळी होत, एक दिवसही शिल्लक राहत नव्हता.

आणि भिंतीपलीकडे एक क्लारिनेट होते.

ते वाजवणारे तुकोजीमामा आमचे शेजारी. तंजावरच्या दरबारी बँडमध्ये ते एकोणीस वर्षांचे असताना राज्य खालसा झाले आणि बँड मोडला. त्याला आता एकोणतीस वर्षे झाली होती. कुंभकोणमला येऊन ते लग्नाच्या मिरवणुकीत वाजवत. सध्या मुहूर्त नव्हते, म्हणून संध्याकाळी पाच ते सात ते घरीच मेहनत करत. सगळ्यात शेवटी ते एकच चीज घेत. तिच्या तीन ओळी पूर्ण वाजत. चौथीचे नऊ सूर वाजत आणि मामा थांबत. मग एक श्वास, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मला त्रास आवाजाचा नव्हता. समोर उखळात पोहे कांडत, कोपऱ्यावर पितळेची भांडी ठोकत. ते मला ऐकूही येत नसे. पण त्या नवव्या सुरानंतर माझी लेखणी थांबे. पुढचा सूर यायला हवा होता आणि तो येत नव्हता. लंबकाचे उदाहरण अर्धे टाकून मी तो मनात शोधत बसे.

मागच्या वर्षी मी याच पेपरात नऊ गुणांनी नापास झालो होतो. वडील रागावले नव्हते. त्यांनी फक्त मुन्सफ कोर्टात नकलनविसाची एक जागा माझ्यासाठी बोलून ठेवली होती. या वेळी पास झालो तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत. नाही तर जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांच्या नकला.

बाळंतपणाला माहेरी आलेली नागलक्ष्मीअक्का दारातून डोकावून म्हणाली, "काय रे जानकीराम, उदाहरण करतोस की ताल धरतोस?"

माझा रूळ मेजावर पडत होता. मी तो बाजूला ठेवला.

"जाऊन सांग ना मामांना. तोंड आहे की नाही तुला?"

"मोठ्या माणसाला कसं सांगायचं?"

"मग नापास हो," ती म्हणाली आणि पोळी लाटायला गेली.

मी आधी मोजून पाहायचे ठरवले. सहा संध्याकाळी वहीत नोंद केली. रोज सरासरी तीन उदाहरणे सुटली. सातव्या दिवशी मी शेजारी गेलो.

मामा तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, क्लारिनेटच्या जोडांना मेण लावत बसले होते. मी परीक्षेचे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"अरे, एवढंच? आधी नाही का सांगायचं? आजपासून बंद."

आतून कामाक्षीमामी म्हणाल्या, "मी तीस वर्षं सांगते ते नाही ऐकलं. पोर बीए होणार म्हटल्यावर लगेच बंद."

"तू बीए हो, तुझंही ऐकतो."

त्यांनी क्लारिनेटचे तुकडे सुटे केले, पेटीत ठेवले आणि पेटीवर पंचा टाकला. मला वाटले तितके समाधान झाले नाही.

त्यानंतरच्या सहा संध्याकाळी शांत गेल्या. भिंतीपलीकडून फक्त मामांचा खोकला येई. तेही बहुधा तोंडावर पंचा धरून खोकत. मी नोंद चालू ठेवली. रोज सरासरी दोन उदाहरणे सुटली.

मी आकडे पुन्हा तपासले. बेरीज बरोबर होती. पाच वाजले की ती चीज आता माझ्या डोक्यात सुरू होई आणि त्याच नऊ सुरांवर थांबे. आधी निदान मामा दमत तरी. मी दमत नव्हतो. बारा दिवस गेले होते आणि तीस उदाहरणे झाली होती. राहिलेल्या एकोणतीस दिवसांत एकशे पंचाहत्तर करायची होती.

तेराव्या दिवशी पाच वाजता मी तसाच उठलो आणि शेजारी गेलो. रूळ हातातच राहिला होता.

"मामा, वाजवा."

"का रे, परीक्षा रद्द झाली?"

"नाही. पण मला त्या चिजेचा शेवट ऐकायचाय. तो ऐकल्याशिवाय माझं काही पुढे सरकणार नाही."

मामांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तो वाजत नाही."

"श्वास पुरत नाही का?"

"श्वासाला काय धाड भरली आहे? रात्रभर वरात वाजवतो." ते थोडे सरकून बसले आणि मला बसायला जागा केली. "ही उठायच्या वेळची चीज. मैफल झाली की आम्ही ही धरायचो आणि चौथ्या ओळीच्या नवव्या सुरावरून परत मागे यायचो. कितीही वेळा. चोपदार चांदीची काठी वर करायचा, म्हणजे मालक उठताहेत. मग शेवट. काठी वर झाल्याशिवाय शेवट वाजवला, तर तो मालकाला 'आता ऊठ' म्हटल्यासारखा. मी एकदा चुकून वाजवला, तर बँडमास्तरनं थोबाडीत दिली होती. हे बघ, हा दात."

"आणि बँड मोडला तेव्हा?"

"तेव्हा आम्ही हीच वाजवत होतो. साहेबाचा माणूस आला, म्हणाला, पुरे, वाद्यं खाली ठेवा. ठेवली. काठी काही वर झाली नाही."

कामाक्षीमामी आतून दारापर्यंत आल्या होत्या. हातात सोललेले कच्चे केळफूल होते आणि बोटे चिकाने काळी झाली होती. "लग्न होऊन आल्यापासून ऐकते. मला वाटायचं, ह्यांना पुढचं येतच नाही."

"येतं," मामा म्हणाले. "मनात रोज वाजवतो."

मी विचार केला. संकेत काठीचा होता. काठी चांदीची असावी असे त्या संकेतात काही नव्हते. उठणारा माणूस पाहिजे होता.

"मामा, मी बसतो. तुम्ही सुरू करा. मी रूळ वर करतो आणि उठतो."

"तू राजा का?"

"नाही."

"चोपदार?"

"तोही नाही. पण मला खरंच उठून जायचंय. घरी एकशे पंचाहत्तर उदाहरणं पडली आहेत."

मामी हसल्या. मामा हसले नाहीत. मग त्यांनी पेटीवरचा पंचा काढला, तुकडे जोडले, फुंकायची वेताची पत्ती ओली केली.

तीन ओळी झाल्या. चौथीचे नऊ सूर झाले आणि ते मागे फिरले. दुसऱ्या खेपेला चौथी ओळ सुरू होताच मी रूळ वर केला आणि उभा राहिलो. मामांचे डोळे रुळावर होते. नववा सूर आला. बोटे क्षणभर तिथेच थांबली.

मग राहिलेली ओळ आली. ती साधी होती, पायऱ्या उतरल्यासारखी. मी मनात जुळवलेल्यांपैकी एकही तिच्यासारखी नव्हती. शेवटचा सूर फाटला, थरथरला आणि चार सेकंदांत संपला.

"एकोणतीस वर्षं न वाजवलेल्या सुरावर ओठ बसत नाही," मामा म्हणाले. त्यांनी पंच्याने पत्ती पुसली आणि मग तोच पंचा तोंडावरून फिरवला.

मामी आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी मला ताक आणून दिले आणि मामांना दिलेच नाही. "तुम्ही एवढी वर्षं मला अडकवून ठेवलंत," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी पाच उदाहरणे सुटली.

मग तसाच क्रम पडला. मामा वाजवत, मी भिंतीअलीकडे बसून काम करी. सात वाजता मी रूळ घेऊन जाई, तिण्णैवर बसे आणि उठे. शेवट येणार हे ठाऊक असल्यावर नववा सूर मला अडवीनासा झाला. अक्का म्हणे, "चालले महाराज." सरासरी साडेसहावर गेली. गाडीच्या आदल्या दिवशी सगळी उदाहरणे झालेली होती.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी बातमी सांगायला गेलो, तेव्हा मामा आधीच पत्ती ओली करून बसले होते. मी बसलो. खिशातून घड्याळ काढून डाव्या हातात धरले आणि उजव्या हाताने रूळ वर केला.

पदार्थविज्ञानात मला मागच्या वर्षीपेक्षा एकवीस गुण जास्त पडले होते. शेवटचा सूर सतरा सेकंद टिकला.