चांगलं हा आकडा नाही

चौसष्टाव्या कोंबाशी ती थांबली. त्याचं मूळ पिळवटलेलं होतं. चिमट्याने तिने तो ओल्या कागदावर सरळ केला, भिंग खाली ओढलं, नीट पाहिलं आणि सदोष कोंबांच्या ओळीत ठेवला.

"ताई, आता पार्टी हवी!" क्लार्क दारातूनच म्हणाला.

"मोजतेय."

बीज तपासणीच्या या खोलीत मोजणाऱ्याशी कुणी बोलत नसे. शंभर बियांतल्या किती उगवल्या ते मोजताना आकडा तुटला, तर पुन्हा एकपासून सुरुवात. पण आज सरांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. क्लार्कने हातातले दोन कागद ट्रेच्या कडेला ठेवलेच.

"मी दाखवलं म्हणून सांगू नका हं. पाचच्या आत वर पाठवायचेत. सरांनी तुमच्यावर नुसता स्तुतीचा वर्षाव केलाय!"

प्रयोगशाळेच्या प्रमुखपदासाठी दोन नावं होती. एक तिचं आणि एक उंटाचं. तो सहा फूट दोन इंच असल्यामुळे त्याला सगळे उंटच म्हणत, आणि तोही त्या हाकेला ओ देई. जाणारा प्रमुख दोघांबद्दल एकेक पान लिहितो आणि वरचे लोक त्यावरून ठरवतात, अशी इथली रीत होती.

तिने हात पुसले आणि आपलं पान वाचलं.

'अत्यंत प्रसन्न, हसतमुख व मनमिळाऊ. सर्वांशी मिळूनमिसळून वागतात. कामाचा ताण चेहऱ्यावर कधी दिसत नाही. त्यांच्या दिलखुलास स्वभावामुळे येथील वातावरण खेळीमेळीचे राहते.'

तिने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

उंटाच्या पानावर विशेषण एकही नव्हतं. वर्षाला किती नमुने, फेरतपासणीत किती फरक. आणि शेवटी: 'ओल्या कागदातील दोष शोधण्याचे काम यांनी तडीस नेले.'

दोन हंगाम बियाणं उगवत नव्हतं आणि सगळे बियाण्यालाच नावं ठेवत होते. पाच महिने खपून तिने आधी पाणी तपासलं, मग तापमान, मग ट्रे. शेवटी प्रत्येक गठ्ठ्यातला अर्धा कागद धुऊन घेतला, अर्धा तसाच ठेवला आणि दोन्हींवर तेच बी लावलं. धुतलेल्यावर ते उगवलं; दोष कागदात होता. उंटाने वरच्या फळीवरचे ट्रे उतरवून दिले होते. तिचा हात तिथवर पोचत नव्हता.

"छान आहे ना?" क्लार्कने विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली.

सरांच्या केबिनमध्ये खोकी बांधून झाली होती. टेबलावर फक्त त्यांचा लाल पेन उरला होता. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्याच आठवड्यात, तिने नोंदवहीत 'उगवण चांगली' असं लिहिलं होतं. सरांनी याच पेनाने ते खोडलं होतं आणि म्हणाले होते, "चांगलं हा आकडा नाही." ते वाक्य तिने नंतर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं.

"ये गं. बस."

"सर, तुम्ही लिहिलेलं वाचलं."

सर हसले. "त्या क्लार्कच्या पोटात काही राहील तर शपथ. मग? खूश ना?"

"सगळं स्वभावाबद्दल आहे."

"मग स्वभाव ही काय लहान गोष्ट झाली? एवढ्या वर्षांत तुला चिडलेलं पाहिलं नाही मी."

"कागदाचं काम माझं होतं."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "अगं, त्याच्यामागे दोन मुलं आहेत, आजारी आई आहे. तुझ्या घरी दोघं कमावते. आणि तो नाराज झाला, तर इथे कुणाचं कुणाशी पटणार नाही. तू सांभाळून घेशील. तू समजूतदार आहेस."

आणखी एक विशेषण, तिने मनात नोंद केली.

चार वर्षांपूर्वी नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची सदा अदलाबदल करणारा एक मदतनीस नोकरी सोडून गेला होता. त्याला दाखला द्यायचा होता आणि काय लिहावं ते न सुचून ती याच खुर्चीत पेन घेऊन बसली होती. तेव्हा सर म्हणाले होते, "काम लिहिण्यासारखं नसलं की स्वभाव लिहायचा. वाचणाऱ्याला कळतं, आणि आपणही खोटं बोलत नाही." ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. मग तिने लिहिलं होतं, हसतमुख व मनमिळाऊ.

"चार वाजता निरोपाच्या कार्यक्रमात बोलणार आहेस ना तू?" सरांनी विचारलं. "बाकीच्यांचं जाऊ दे, तुझं मला ऐकायचंय. लिहून आणलं असशील, मला माहितीये."

"आणलंय, सर."

चार वाजता टेबलं भिंतीला लावून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. उंट दाराची चौकट चुकवत वाकून आत आला. "हा आपला डोक्याने नमस्कार करतो," सर म्हणाले आणि सगळे हसले. क्लार्कने तिचं नाव पुकारलं.

घडी केलेला कागद तिच्या हातात होता. सरांची एकतीस वर्षं, एवढे नमुने, तेवढ्या फेरतपासण्या. जुन्या नोंदवह्या काढून तीन रविवार तिने ते आकडे जुळवले होते. सर रुमालाने हात पुसत खुर्चीत पुढे सरकून बसले.

तिने घडी उघडली नाही.

"सर अत्यंत हसतमुख आहेत," ती म्हणाली. "मनमिळाऊ आहेत. सगळ्यांशी मिळूनमिसळून वागतात. त्यांच्यामुळे इथलं वातावरण खेळीमेळीचं राहिलं."

टाळ्या वाजल्या. सर्वांत जोरात उंटाच्या होत्या. "अगदी खरं!" मागून कुणीतरी म्हणालं.

सर टाळ्या थांबायची वाट पाहत होते. त्या थांबल्या. ते तिच्या हातातल्या कागदाकडे पाहत राहिले.

"एवढंच?" ते थट्टेच्या सुरात म्हणाले आणि पुन्हा हशा पिकला.

"एवढंच, सर."

ती जागेवर जाऊन बसली. सरांचं हसू तसंच राहिलं. फक्त त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायला रुमाल शोधू लागले. एक खिसा, दुसरा खिसा. रुमाल त्यांच्या हातातच होता.