आई-डॅडींची आवडती ठिकाणं

जोनेलच्या लग्नाला ओहायोहून शंभरावर पाहुणे चार्ल्स्टनला यायचे होते. प्रत्येकाच्या हॉटेलच्या खोलीत एक पिशवी ठेवायची होती. तिच्यात तिळाची बिस्किटं, पाण्याची बाटली आणि शहरात काय पाहावं, कुठे खावं, काय प्यावं याचं एक कार्ड. कार्डाचा मजकूर जोनेलने वडिलांवर सोपवला.

"डॅडी, तुझ्याइतकं हे शहर माहीत आहे कुणाला?"

ऑरिन सीब्रुक एकतीस वर्षं प्रवाशांची खेचरगाडी हाकत होता. कुठलं घर कुणी बांधलं, ते कधी जळलं, हे तो झोपेतही सांगायचा. पण ते सगळं गाडीवर बसून पाहिलेलं. दारांच्या आत काय शिजतं ते त्याला ठाऊक नव्हतं. तीन दिवस संध्याकाळी तो कोऱ्या कागदापुढे बसला. शेवटी त्याने फ्रिजवरची यादी पाहून उतरवून दिली.

यादी व्हर्डेलच्या, त्याच्या बायकोच्या हातची होती. तिला जाऊन चौदा महिने झाले होते, तरी कागद चुंबकाखाली तसाच होता. गच्चीवरचा बार, खेकड्याचं सूप, बंदरातली संध्याकाळची बोट; अशी सात ठिकाणं. जोनेल ते वाचून रडली आणि वर ठळक छापून घेतलं : 'आई-डॅडींची आवडती ठिकाणं.'

आवडती नव्हती. व्हर्डेलला तिथे जायचं होतं, एवढंच. ऑरिनला हे माहीत होतं, आणि तो गप्प बसला.

लग्नाच्या आदल्या दुपारी चर्चच्या हॉलमध्ये उरलेल्या पिशव्या भरणं चाललं होतं. नवऱ्या मुलाची आत्या मर्टल आपलं कार्ड हातात घेऊनच मदतीला आली.

"मिस्टर सीब्रुक, या गच्चीवर तुम्ही दोघं कुठे बसायचात?"

"कोपऱ्यात," ऑरिन म्हणाला. तो कोपरा त्याला रस्त्यावरून रोज दिसायचा.

"आणि त्या काय घ्यायच्या?"

"पीचचा गार चहा."

"बारमध्ये जाऊन चहा? अहो, आमच्यातली कुणी असती तर बाटली रिकामी करून वेटरला नाचायला लावलं असतं!"

सगळे हसले. जोनेलचे डोळे भरून आले होते. "हे मला कधी सांगितलं नाहीस, डॅडी. उद्या लग्न लागल्यावर दुपारी सगळे तिथेच जाऊ. मी आत्ता फोन करून तो कोपरा राखून ठेवते. आईचा फोटो तिच्या खुर्चीवर ठेवू. तू चार शब्द बोल."

ऑरिनचा हात पिशवीतच राहिला. एक खोटं छापून झालं होतं. दुसरं आता व्हर्डेलच्या फोटोसमोर उभं राहून बोलायचं होतं.

तो जोनेलच्या मागे हॉलशेजारच्या स्वयंपाकघरात गेला.

"फोन करू नकोस. तुझी आई तिथे कधी गेली नाही. त्या सातांतल्या एकाही ठिकाणी नाही."

"मग यादी?"

"आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा केली होती तिने. महिन्याला एक ठिकाण, म्हणाली. मी म्हटलं, आठवडाभर पाहुण्यांनाच फिरवतो, सुट्टीच्या दिवशी तू तरी पाहुणी होऊ नकोस."

"असं म्हणालास?"

"हसत म्हणालो."

"आणि ती?"

"तीही हसली. कागद मात्र काढला नाही."

जोनेल ओट्याला टेकली. "आणि चहा?"

"तो घरचा. फ्रिजपाशी उभी राहून प्यायची."

"लग्न उद्यावर आलंय, आणि हे आज सांगतोस!"

"हो."

'असू दे' असं ती म्हणेल म्हणून तो थांबला. ती म्हणाली नाही. हॉलमध्ये जाऊन ती उरलेली चाळीसेक कार्डं आणि पेन घेऊन आली. पहिल्या कार्डावरचं शीर्षक तिने जोर देऊन खोडलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.

बाहेरून मर्टलने हाक मारली, "जोनेल, मिळालं का गं टेबल?"

"आत्ता करते फोन, आत्या!" मग ती हळू आवाजात म्हणाली, "फोटो ठेवायचाच. बोलायचंही तूच. पण जे खरोखर झालं तेच."

ऑरिनने चष्मा पुसला. खोडलेल्या शीर्षकाखाली त्याने लिहिलं : 'व्हर्डेलला जायचं होतं ती ठिकाणं.' अक्षर वाकडं आलं. जोनेलने ते वाचलं, आणि दुसरं कार्ड पुढे सरकवलं.