खाली लागलेला जॅम

जावयाची जीभ कारखान्याच्या मालकीची होती. निदान सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत तरी. कारखाना जॅम करायचा, आणि तो बाटलीत जाण्याआधी चमचाभर चाखून मान हलवायची, हे जावयाचं काम. लोकांना वाटायचं, काय मजा आहे, फुकट खायचा पगार! पण त्यासाठी कच्चा कांदा सोडावा लागतो, चहा कोमट प्यावा लागतो, आणि नाक चोंदलं तर रजा टाकावी लागते, हे लोकांना कोण सांगणार?

घरी मात्र या जिभेला काडीची किंमत नव्हती. घरी चवीचा शेवटचा शब्द सासूबाईंचा.

सासूबाई लेकीकडे चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. ते चार दिवस इतके लांबले, की त्यांच्या ट्रंकेवर आता भरतकाम केलेलं कापड पडलं होतं आणि कापडावर फुलांची कुंडी आली होती. पाहुण्यांना ते टेबलच वाटायचं. पण लेकीकडे राहायचं म्हणजे मिंधेपणा, असं मानणाऱ्या पिढीतल्या त्या. म्हणून दर रविवारी त्या अंजिराचा जॅम करायच्या. "मी फुकट खात नाही हो कुणाचं," असं म्हणत आठवडाभराची बरणी टेबलावर ठेवायच्या. घर त्या बरणीवर तुटून पडायचं. शेजारीसुद्धा सकाळी साखर मागायला येताना हातात भाजलेला पाव घेऊन यायचे.

जॅम करायची त्यांची रीत ठरलेली होती. अंजिरं चिरायची, साखर घालायची, लिंबू पिळायचं, पातेलं गॅसवर चढवायचं आणि धाकट्या बहिणीला फोन लावायचा. फोन होता पॅसेजमध्ये, आणि त्याची वायर स्वयंपाकघराच्या दारापर्यंतही पोचायची नाही. बोलणं गुडघ्यांपासून सुरू व्हायचं, सुनांवरून जायचं आणि आईच्या बांगड्या कुणी लाटल्या, या मुद्द्यावर पेटायचं. मग एकदम, "अगं बाई, माझं पातेलं!" म्हणत सासूबाई फोन टाकून धावायच्या. पुढचं कुणाला बघायची परवानगी नव्हती. वरवरचा जॅम बरणीत भरला जायचा आणि पातेलं त्या स्वतः घासायच्या. लेक मदतीला गेली तर म्हणायच्या, "हात नको लावूस. त्याला माझ्याच हाताची सवय आहे."

इकडे कारखान्यात साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली.

"लोकांना घरचं खायचंय," साहेब म्हणाले, "आणि घरी करायचं कुणालाच नाहीये. या फटीतून आपण आत शिरायचं. मला घरच्यासारखा अंजिराचा जॅम हवाय."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी साखर कमी करून पाहिली, फळ वाढवून पाहिलं. जावई चाखायचा आणि मान हलवायचा. आडवी. शेवटी एके दिवशी त्याने जेवणाच्या डब्यातून सासूबाईंचा जॅम लपवून नेला. बाईंनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर लहानपणाची सुट्टी पसरली. मग डोळे उघडून त्या नोकरीवर परत आल्या.

"यात दोष आहे."

"दोष?"

"करपलाय. किंचित. खाली लागलाय हा."

जावयाच्या डोळ्यांपुढे पॅसेजमधला फोन आला, बांगड्या आल्या आणि कुणालाही घासायला न मिळणारं पातेलं आलं. इतकी वर्षं त्याला कसं कळलं नाही? उत्तर सोपं होतं. घरी जेवताना त्याची जीभ सुट्टीवर असायची.

अडचण अशी, की कारखान्याच्या कढईत काही करपूच शकत नव्हतं. तिची ढवळणी अखंड फिरायची. "ढवळणी थांबवू?" इंजिनियरच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, ती थांबू नये म्हणून माझी हयात गेली!" पण साहेबांचा हुकूम. ढवळणी किती वेळ थांबवायची? जावई म्हणाला, "एका फोनाएवढी." साहेबांनी कढईशेजारी उभं राहून बायकोला फोन लावला. तो इतक्या लवकर आटोपला, की जॅमला पत्ताही लागला नाही. मग भावाला लावला. त्यांचा जमिनीचा वाद चालू होता. कढईत कोळसा झाला. शेवटी साडूला लावला, आणि जावयाची मान उभी हलली. तेव्हापासून कारखान्यात 'साडूएवढं थांबव' हे माप रूढ झालं.

आणि नेमकं याच सुमारास घरी आक्रीत घडलं. सासूबाई बहिणीकडे नाश्त्याला गेल्या आणि बहिणीने पावाला विकतचा जॅम लावून पुढे केला. वर म्हणाली, "ताई, हल्ली विकतचाही काही वाईट नसतो गं." सासूबाईंनी एक घास खाल्लेला पाव ताटलीत ठेवला, चपला घातल्या आणि घरी आल्या. अबोला.

आता रविवारी फोन नाही. सासूबाई पातेल्यापाशी पहाऱ्यावर उभ्या. "दाखवतेच तिला, घरचा जॅम काय असतो ते," म्हणत अखंड ढवळायच्या. जॅमला रंग काय आला, चकाकी काय आली! पातेलं तर पुसून घेतलं तरी चालेल इतकं स्वच्छ. पहिल्याच घासाला जावयाने बायकोकडे पाहिलं, बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. त्यात चूक काहीच नव्हती. कारखान्यातल्या जुन्या, साध्या जॅमसारखाच लागत होता. शेजाऱ्यांच्या घरी अचानक साखर पुरायला लागली. सासूबाईंना मात्र काही कळलं नाही. रांधणाऱ्याला आपल्या पदार्थाची चव आठवणीतूनच लागत असते.

नवा जॅम बाजारात आला त्या दिवशी साहेबांनी प्रत्येकाला एकेक बाटली दिली. जावई ती कपाटात ठेवणार होता, पण पिशवीत राहिली आणि पिशवी सासूबाईंनी रिकामी केली. बाटलीवर 'आजीच्या हातचा' असं लिहिलेलं, आणि खाली हसऱ्या म्हातारीचं चित्र.

"ही कोण भवानी?"

"मॉडेल आहे, आई."

"हिने जन्मात पातेलं उचललेलं नाही. नखं बघा हिची! आणि माझ्या घरात ही बाटली?" 'माझ्या घरात' म्हटल्यावर त्या क्षणभर थबकल्या, मग आणखी चिडल्या. "होऊन जाऊ दे. बांधा माझे डोळे."

"आई, कशाला—"

"बांधा म्हणते ना!"

नॅपकिनने डोळे बांधले. बायकोने दोन वाट्या पुढे ठेवल्या. बायको शाळेत शिकवायची, आणि परीक्षेत डोळेझाक करणं तिला मुळातच जमायचं नाही.

सासूबाईंनी पहिला चमचा चाखला. "हा तुमच्या कारखान्याचा. गोड आहे, पण जीव नाही." दुसरा चाखला. चेहरा उजळला. "आणि हा माझा! आंधळी झाले तरी ओळखेन."

जावई बायकोला डोळ्यांनी विनवू लागला. पण गुणपत्रिका तयार होती.

"आई... उलटं आहे गं."

सासूबाईंनी नॅपकिन सोडला. दोन्ही वाट्यांकडे पाहिलं. दुसऱ्या वाटीतून आणखी एक चमचा घेतला, तो जिभेवर बराच वेळ घोळवला आणि उठल्या. आत गेल्या. मग कुंडी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"मी धाकट्याकडे जाते," त्या आतूनच म्हणाल्या. धाकटा म्हणजे त्यांचा मुलगा. त्याच्या घरी सकाळी खोक्यातले कुरकुरीत पुठ्ठे थंड दुधात बुडवून खायची पद्धत होती. सासूबाई त्या घराचं नाव आजवर फक्त शिक्षा म्हणून घेत आल्या होत्या. "उद्याच्या रविवारचा जॅम करून देते आणि सोमवारी निघते. काम अर्धवट टाकून जायची माझी रीत नाही. पण जिथे माझा जॅम बाटलीला हरला, तिथे कुठल्या तोंडाने खाऊ?"

बायकोने खोलीचं दार लोटलं. "अहो, सांगून टाका ना तिला, करपल्यामुळे चव येते म्हणून!"

"काय सांगू? आई, तुमची कीर्ती करपण्याची होती? मग त्या सोमवारपर्यंतही थांबायच्या नाहीत."

"मग रडत बसू आपण?"

जावई बसला नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्याने मावशींना फोन लावला.

"मावशी, उद्या सकाळी आईंना फोन कराल?"

"मी? पाव तिने टाकला, मी का करू?"

"त्यांचा जॅम बिघडलाय हो."

पलीकडे मावशींचा आवाज एकदम तरुण झाला. "काय म्हणता, जावईबापू! ताईचा? बिघडला? मग करते की! मायेची माणसं आहोत, चौकशी नको करायला?"

रविवारी पातेलं चढलं आणि फोन वाजला. जावयाने उचलला आणि पॅसेजमधूनच हाक मारली. "आई, मावशी आहेत. तुमच्या जॅमबद्दल काहीतरी विचारताहेत."

सासूबाईंनी डाव पातेल्यातच सोडला आणि पॅसेज गाठला. "काय गं, कुणी सांगितलं तुला?... माझा? माझा बिघडला? तू आधी तुझ्या बाटल्या बघ!... गुडघ्यांचं विचारू नकोस, आधी त्या पावाचं बोल!"

स्वयंपाकघरात जॅम बुडबुडू लागला. बायको गॅसकडे धावली. जावयाने तिला अडवलं.

"अहो, लागेल ना!"

"हात लावू नकोस."

तो पातेल्यासमोर दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. वास बदलला. आधी फळाचा, मग साखरेचा, मग तिसराच काहीतरी, लहानपणाच्या सुट्टीसारखा. त्याचा हात डावाकडे निघाला. त्याने तो खिशात घातला. बायकोने पदर तोंडाला लावला. बाहेर सुनांचा विषय संपत आला होता. साडूएवढा वेळ होऊन गेला की काय, या धास्तीने जावयाला घाम फुटला.

"अगं बाई, माझं पातेलं!"

सासूबाई धावत आल्या, दोघांना बाहेर हाकललं आणि दार लावून घेतलं. भांड्यांचा आवाज आला, मग पातेलं घासल्याचा. बराच वेळ, जोरजोरात. अबोल्यानंतरच्या रविवारांत तो आवाज घरात झाला नव्हता.

बरणी टेबलावर आली. जावयाने पावाला जॅम लावून घास घेतला. त्याच्या जिभेने सुट्टी मोडली, कामावर हजर झाली आणि पुन्हा सुट्टीवर गेली. बायकोने दुसरा पाव घेतला. तेवढ्यात दार वाजलं. शेजारी उभे होते, साखर मागायला. हातात भाजलेला पाव होता.

सासूबाई आत जाऊन आल्या. ट्रंकेवर कुंडी परत बसली होती. येताना त्यांनी जावयाच्या ताटलीत आणखी एक चमचा जॅम वाढला आणि लेकीला ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात म्हणाल्या,

"जावईबापू, ते पातेलं इतकी वर्षं मी घासतेय. बाटलीतला दुसऱ्यांदा चाखला तेव्हाच कळलं मला, काय ते. पण आपल्या हाताने मुद्दाम करपवायचा? मला शोभतं का ते?"

जावई पाव चावायचा थांबला.

"पुढच्या रविवारी त्या बयेला जरा लवकर फोन करायला सांगा," त्या म्हणाल्या. "आज आम्ही बांगड्यांपर्यंत पोचलोच नाही."