भावोजींची उसनी बदकं

साथ ओसरली आणि सरकारने जाहीर केलं, की बंदच्या काळात ज्यांचा माल पडून राहिला त्या शेतकऱ्यांना मदत मिळणार. घरच्या थोरल्या सुनेकडे तर बदकांच्या अंड्यांचे ढीग लागले होते; तिला सगळे थोरलीच म्हणत. हॉटेलं बंद, बेकऱ्या बंद; पण बदकांना कुणी सांगावं, की बायांनो, जरा दमानं घ्या? तिने अर्ज केला. आता तपासनीस येऊन बदकं डोळ्यांनी पाहणार आणि मग पैसे मिळणार होते.

आदल्या दिवशी कालव्यापलीकडे राहणारा धाकटा दीर आला. तो गोड बोलायला लागला तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"वहिनी, उद्या साहेब तुमच्याकडून निघाले की बदकं घटकाभर माझ्याकडे पाठवा."

"पाहुणचाराला?"

"मीही अर्ज केलाय. बदकांचा."

"भावोजी, तुमच्याकडे बदकाचं पीससुद्धा नाही!"

"म्हणून तर मागतोय."

खरं तर तिने झाडूच उचलला असता. पण रस्ते बंद होते तेव्हा याच दिराने कोंड्याची पोती पाठीवरून आणून दिली होती. नाही म्हणायला जीभ रेटेना.

तपासनीस आला. बदकं एका जागी ठरेनात, त्यामुळे बिचाऱ्याची मोजणी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शेवटी घामाघूम होऊन त्याने चहा घेतला, सही केली आणि जीप काढली. पुलावरून दिराकडे जायला मोठा वळसा होता. बदकं मात्र कालव्यातून तरंगत थेट पोचली. पलीकडे दीर दाण्यांची बादली वाजवत उभाच होता.

थोरली कपबशा उचलायला गेली आणि बघते तर काय, साहेबांचा चष्मा ओट्यावरच! चष्मा नसला तर भावोजींचं फावणार होतं. पण माणूस जीप चालवत होता! ती तशीच चष्मा घेऊन कालव्यावरच्या फळीवरून पळाली.

जीप धडपणे पोचली होती. साहेब डोळे बारीक करून मोजत होता. आपण तोंड उघडायचं नाही, असं थोरलीने ठरवलं होतं. पण बदकांनी तसलं काही ठरवलं नव्हतं. ती दिसताच सगळी एका सुरात ओरडत धावली आणि तिच्या पायांत घोटाळू लागली.

साहेबाने चष्मा चढवला. एकदा बदकांकडे पाहिलं, एकदा दिराकडे.

दीर म्हणाला, "आमच्या घरात वहिनींना फार मान आहे, साहेब."

"बदकांकडूनसुद्धा?"

थोरलीला हसू आवरेना. "साहेब, बदकं माझीच आहेत," ती म्हणाली. "भावोजींचं चुकलंच. पण यांचं नुकसान खोटं नाही हो."

"तुम्ही पिकवता काय?" साहेबाने दिराला विचारलं.

दीर खाली मान घालून म्हणाला, "फुलं. लग्नं थांबली, तशी सगळी नांगरून टाकली."

"मग तेच का नाही लिहिलंत?"

"नांगरलेली फुलं दाखवणार कुठून? बदकं निदान चालत येतात."

साहेबाने गाल फुगवून हसू दाबलं. मग त्याने बदकांचा अर्ज दिरालाच फाडायला लावला. "फुलांनाही मदत आहे," तो म्हणाला. "रोपांच्या पावत्या आणा आणि एक साक्षीदार. या वहिनीच चालतील. मान मोठा आहे त्यांचा."

दिराच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्याचं लक्ष मागच्या वाफ्याकडे गेलं. नवी रोपं बुडापासून साफ झाली होती आणि दोन बदकं चोची पुसत होती.

"साहेब, याचं काही मिळतं का?"

"हे साथीत बसत नाही," साहेब जीपमध्ये चढत म्हणाला. "हे नात्यात बसतं."

पुढे पैसे दोघांच्याही खात्यात आले. दिराचे जरा कमीच होते, पण हक्काचे होते. बदकांना मात्र पलीकडच्या रोपांची चटक लागली. आता रोज सकाळी कालव्यापलीकडून हाक येते, "वहिनीऽ! न्या हो तुमच्या लेकी!" आणि थोरली हातातलं काम टाकून, जराही घाई न करता, फळीकडे निघते.