साठ मोजले की पान उलटायचं

मी एक जुना टब आहे. अंघोळीचाच. पण मित्रांनो, गेल्या बेचाळीस वर्षांत माझ्यात चार हजार मुलं बसली आणि त्यांतल्या एकानेही अंघोळ केली नाही, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काय थापा मारतो हा म्हातारा! म्हणा खुशाल. माझ्यावर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही, तुम्ही तरी कशाला सुरुवात करता?

"नाहीच ठेवणार," असं ही लिनेआ म्हणते आहे. पुढचे दोन दात पडलेली ही पोरगी आत्ता माझ्यातच पाय पसरून बसली आहे. चर्चच्या अंगणात आज जुन्या सामानाचा बाजार भरलाय. माझ्या गळ्यात 'फुकट, न्या' अशी पाटी आहे आणि तरीही सकाळपासून मला कुणी नेलेलं नाही. लिनेआची आई तिकडे कपबशा उलटसुलट करून बघते आहे, तोवर ही आणि हिचे दोघे धाकटे भाऊ माझी गोष्ट ऐकत आहेत.

माझा जन्म बिडाच्या ओतशाळेत झाला. अंगावर पांढराशुभ्र मुलामा, खाली पंजांसारखे चार पाय आणि वजन असं की सहा माणसांनी उचललं तर चौघांची कंबर धरायची. पहिली काही वर्षं मी स्टेशनसमोरच्या हॉटेलात काढली. तिथे ब्रश विकणारा एक फिरता विक्रेता माझ्यात अंघोळीला बसला. बसला तेव्हा त्याची हनुवटी गुळगुळीत होती, उठला तेव्हा दाढी छातीवर रुळत होती.

"एका अंघोळीत?" लिनेआ म्हणाली.

पाणी गरम होतं गं. माणसाला उठवत नाही.

हॉटेल बंद पडलं आणि ऑर्विल नावाच्या शेतकऱ्याने मला उचलून नेऊन गोठ्याबाहेर ठेवलं. गायींना पाणी प्यायला. गायी वाईट नसतात, पण त्यांना कौतुक करता येत नाही. येतात, पितात, तुमच्यात शेपटी बुडवतात आणि जातात. हिवाळ्यात माझ्यात बर्फ गोठायचा, उन्हाळ्यात शेवाळ धरायचं. अशी अकरा वर्षं गेली. ती अकरा वर्षं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते त्या गोठ्याच्या भीतीने केलं.

त्या सुमारास अ‍ॅल्डर खोऱ्यातल्या तीन शाळांच्या शिक्षकांनी मिळून एक वाचन मंडळ काढलं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी याच चर्चच्या तळघरात त्यांची सभा भरायची. कॉफीचं मोठं भांडं उकळत असायचं, कुणी लिंबाच्या वड्या आणायचं, आणि खोऱ्यातल्या एकूण एक पोराला वाचनाची गोडी कशी लावायची यावर कडाक्याचं भांडण व्हायचं. मंडळाच्या अध्यक्ष लव्हॉन टोलेफसन बाई. एकदा रस्त्यावरून जाताना त्यांची नजर माझ्यावर पडली आणि गाडी थांबली.

"ऑर्विल, हा टब मला दे."

"बाई, मग गायी कशात पिणार?"

"तुझ्या गायी वाचतात का?"

"तुमची पोरं तरी कुठे वाचतात?"

"म्हणूनच टब हवाय," बाई म्हणाल्या, आणि ऑर्विल ट्रॉली काढायला गेला.

मित्रांनो, मंडळाने मला घासलं, बाहेरून लालभडक रंगवलं, पंजांना सोनेरी नखं लावली. सगळ्या बायकांनी मिळून उशा शिवल्या आणि माझ्यात रचल्या. मग नियम ठरला. मार्च महिन्यात तिन्ही शाळांतल्या मुलांनी घरी आणि शाळेत वाचायचं. रोज एक चिठ्ठी भरायची: पुस्तकाचं नाव, किती मिनिटं वाचलं, खाली घरातल्या मोठ्या माणसाची सही. महिनाअखेर मिनिटांची बेरीज. जी शाळा पहिली येईल तिच्याकडे वर्षभर माझा मुक्काम, आणि जे मूल पहिलं येईल त्याला मार्चनंतरही हवं तेव्हा माझ्यात बसायची मुभा.

दरवर्षी ऑर्विलच्या ट्रॉलीवर बसून माझी मिरवणूक निघायची. पुढे आगीचा बंब, मागे मुलं. एकदा हिमवादळात शाळा अडकली तेव्हा अकरा मुलं एकदम माझ्यात शिरून वाचत बसली. संध्याकाळी बाहेर काढली तर बारा निघाली. बारावा कुणाचा, ते आजतागायत कळलेलं नाही. त्यालाही एक लिंबाची वडी दिली बिचाऱ्याला.

"थापाड्या," लिनेआ म्हणाली. तिचे भाऊ मात्र बाराव्याचं नाव विचारत होते.

हसून घ्या. यानंतरचं मला हसत सांगता येणार नाही.

मी उत्तरेच्या शाळेत होतो तेव्हा तिसरीच्या वर्गात ट्विला क्रेब्स नावाची मुलगी होती. आजोबांजवळ राहायची. केस घट्ट विंचरलेले, वह्या स्वच्छ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मार्च लागला आणि ट्विलाने सगळ्यांना मागे टाकलं. मधल्या सुट्टीत ती माझ्यात, शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत माझ्यात. मांडीवर पुस्तक, मान खाली. मास्तर मंडळी दारातून डोकावायची आणि एकमेकांना कोपरखळ्या मारून दाखवायची, "बघ, बघ. पोरगी बुडालीय नुसती!"

बिडात आवाज फार लांबवर जातो, मित्रांनो. ट्विला ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत असे. मला वाटलं, वाचते आहे. चौथ्या दिवशी मी कान दिला. ती मोजत होती. एक, दोन, तीन... अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. साठ झाले की पान उलटायचं. पुन्हा एकपासून.

तिने कुणाला फसवलं नाही, एवढं ध्यानात घ्या. चिठ्ठीवर मिनिटं विचारली होती आणि ट्विलाने एकेक मिनिट खरोखरच पुस्तकासमोर काढलं होतं. पुस्तकाचं नाव ती मुखपृष्ठावरून चित्र काढावं तसं उतरवून घ्यायची. खाली आजोबांची सही. खोट काढायला जागाच नव्हती. एरवी कुणीतरी शेजारी बसून "हं, वाच बघू पुढचं" म्हटलं असतं. पण मार्चमध्ये कुणाला वेळ होता? एकतीस मुलांच्या चिठ्ठ्या, त्यांची बेरीज, भिंतीवर मिनिटांबरोबर लांबतच चाललेली रंगीत कागदाची अळी. वाचनाच्या महिन्यात मुलांचं वाचन ऐकायचंच राहून गेलं. आणि हे करणारी माणसं आळशी नव्हती, हीच त्यातली वाईट गोष्ट. ती खोऱ्यातली सर्वांत कळकळीची माणसं होती.

एकतीस मार्चला बेरीज लागली. ट्विलाची मिनिटं तीन हजार एकशेवीस. तिच्या एकटीच्या जिवावर उत्तरेची शाळा जिंकली आणि मी पुन्हा वर्षभर तिथेच राहणार हे नक्की झालं.

मंडळाच्या वार्षिक जेवणाला मला तळघरात आणलं. वर बटाट्याचे गोळे लावून भट्टीत भाजलेल्या हॉटडिशच्या परातींपलीकडे साठ शिक्षक बसले होते. ट्विलाला माझ्यात बसवलं आणि बक्षीस म्हणून एक कोरं करकरीत पुस्तक दिलं. त्याच आठवड्यात छापून आलेलं, कुणीही न वाचलेलं. आणि टोलेफसन बाई म्हणाल्या, "ट्विला, बाळा, पहिलं पान वाचून दाखव ना आम्हाला."

तिने टाचा माझ्या तळाला घट्ट रोवल्या. ते फक्त मला कळलं.

तिने पुस्तक उघडलं. पानावर नदीवरच्या पुलाचं चित्र होतं आणि खाली पूल बांधणाऱ्या कामगारांविषयी मजकूर. मी पाहिला ना! ट्विला मात्र एका हंसिणीची गोष्ट सांगू लागली. ती हंसीण उडायला शिकलेली नसते, म्हणून थवा दक्षिणेला गेला की ती पुलावरून चालत निघते. चालता चालता ती वाटेतल्या सगळ्यांना सांगते, की मला काही घाई नाही, म्हणून मी चालते. गोष्ट इतकी सुरेख होती की कॉफी ओतणारा हात तसाच थांबला.

टाळ्या! केवढ्या टाळ्या! टोलेफसन बाईंनी डोळे पुसले. "काय वाचते ही! जणू तिला आत्ताच सुचतंय!"

सगळे जेवायला उठले. ट्विला माझ्यात खाली सरकली, पाणी जायच्या भोकाला तोंड लावलं आणि म्हणाली, "मला वाचता येत नाही. माझ्याच्याने सांगवत नाही. तू सांग ना बाईंना."

मित्रांनो, तेव्हा बाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. आणि मी विचार कसला करत होतो? हे बाहेर आलं तर मिनिटं रद्द होतील. मिनिटं रद्द झाली तर स्पर्धा बंद. स्पर्धा बंद झाली तर लाल टब कुणाला हवाय? मला ऑर्विलचा गोठा दिसला, शेवाळ दिसलं, शेपट्या दिसल्या. मी गप्प बसलो.

तिने त्याच भोकाला कान लावला आणि वाट बघितली. मग उठली आणि हॉटडिशच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

त्यानंतर ती माझ्यात कधी बसली नाही. मुभा होती तरी. चौथीत गेली, सहावीत गेली, वह्या तशाच स्वच्छ. सोळाव्या वर्षी शाळा सोडून टर्की पक्ष्यांचं मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात लागली.

बऱ्याच वर्षांनी, मी पुन्हा उत्तरेच्या शाळेत असताना, ती आपल्या मुलाला तिथे घालायला आली. टोलेफसन बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण दर सोमवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायला यायच्या. त्यांनी तिला लगेच ओळखलं. "ट्विला! अगं, तुझी जागा अजून तशीच आहे बघ. ये, वाच आमच्या पोरांना काहीतरी."

ट्विलाने पुस्तक हातात घेतलं, माझ्या काठावर ठेवलं आणि म्हणाली, "चष्मा विसरले हो घरी." मग मुलाचा हात धरून निघून गेली.

तिला चष्मा कधी नव्हताच. बाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. पन्नास वर्षांत त्यांनी असे 'घरी विसरलेले' चष्मे पुष्कळ पाहिले होते. मग, सत्तरी उलटलेली ती बाई, गुडघ्यांवर हात टेकत टेकत माझ्यात उतरून बसली आणि म्हणाली, "मिनिटं मोजली रे आम्ही. नुसती मिनिटंच मोजत बसलो."

पुढच्या गुरुवारी लिंबाच्या वड्या घेऊन बाई ट्विलाच्या घरी गेल्या. पडदा हलला, दार उघडलं नाही. दुसऱ्या गुरुवारी नाही, तिसऱ्या नाही. चौथ्या गुरुवारी उघडलं असं ऑर्विल सांगायचा. पण ऑर्विल माझ्याइतकाच थापाड्या, म्हणून त्यावर विसंबायची मला हिंमत होत नाही.

मंडळाने मिनिटांची स्पर्धा बंद केली. मी अडगळीत गेलो. ते योग्यच झालं.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. एखादं मूल पुस्तक घेऊन शांत बसलेलं दिसलं तर लांबून कौतुक करून पुढे जाऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. विचारा, काय लिहिलंय रे, मलाही वाचून दाखव की. नाही आलं तर हसू नका. माझ्या मनात त्या वेळी फार होतं हो, बाईंना सगळं सांगून टाकावं. पण माझा काय इलाज होता? टब पडलो मी. टबाला कुठे बोलता येतं?

"खोटं!" लिनेआ ताडकन उठून उभी राहिली. "मग आत्ता इतका वेळ कोण बोलतंय?"