मंगलाष्टकासाठी इलेक्ट्रिक गिटार

विनायकरावांना गळा नव्हता असं नाही. गळा होता आणि तो भरपूर होता, पंचाईत तिथेच होती. धाकट्या बहिणीच्या, रजनीच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टक सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला भटजींनी हसतमुखाने त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. तेव्हापासून बऱ्हाणपुरात कुठल्याही सोयऱ्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ आली की कोणीतरी त्यांना जेवणाची तयारी बघायला पिटाळायचं.

आता तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, तृप्तीचं लग्न होतं. पोरीचं मंगलाष्टक बापाने म्हणायचं, एवढीच त्यांची हौस होती.

"म्हणा की," शोभाताई म्हणाल्या. "पण वऱ्हाड जेवून गेल्यावर."

तृप्ती उठून आत गेली. तिचं ते उठून जाणं विनायकरावांना बायकोच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

सूर पक्का करायचा तर घरी रियाज हवा. पण घराला लागूनच त्यांचा पावरलूमचा, यंत्रमागांचा कारखाना होता. मोबाइलवरचा तानपुरा घरात डासाइतकाही ऐकू येईना. भाचा मयूर गणपतीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, ती मात्र तीन गल्ल्या ऐकू जायची. झालं, विनायकरावांनी मनाशी पक्कं केलं आणि इतवारा बाजारातलं निरंजनचं वाद्यांचं दुकान गाठलं.

"सूर धरायला गिटार दे," ते म्हणाले. "आवाज मोठा पाहिजे. आणि सूर लावायचं काम माझ्याकडे नको."

निरंजनने दोन गिटारी काढल्या. "काका, ही लाल वाली सगळ्यात स्वस्त. पण हिच्या खुंट्या ढिल्या आहेत, तार घडी घडी उतरते. थोडे पैसे जास्त टाका, काळी घ्या. मग ऑटोमॅटिक ट्यूनरची जरूरतच नाही."

"ऑटोमॅटिक काय?"

निरंजनने ट्यूनर दाखवला, इथेच तो चुकला. मुठीएवढं यंत्र खुंटीवर बसवायचं, तार छेडायची. तारेची थरथर ओळखून ते खुंटी आपोआप पिळतं आणि सूर लागला की हिरवा दिवा. विनायकरावांचे डोळे लकाकले. माणसाच्या कानावर त्यांचा भरवसा नव्हता, स्वतःच्या तर नाहीच; पण यंत्राने त्यांना आजवर दगा दिला नव्हता. त्यांनी स्पीकरसकट सगळ्यात स्वस्त गिटार आणि सगळ्यात महाग ट्यूनर घेतला.

"काका, हे उलटं होऊन राहिलं ना!" निरंजन म्हणाला.

"तू पॅक कर."

घरी येऊन त्यांनी तार छेडली. यंत्र गुरगुरलं, खुंटी पिळू लागलं, पिळतच राहिलं. हिरवा दिवा काही लागेना. शेवटी तार फाडकन तुटली आणि विनायकरावांच्या नाकाला लागली.

ते तसेच भांडायला दुकानात गेले. निरंजनने नवी तार चढवली, ट्यूनर लावला. हिरवा दिवा! घरी आणून खात्री करायला गेले, तर पुन्हा तेच गुरगुरणं आणि पुन्हा तार गेली. विनायकराव डोक्याला हात लावून पलंगावर बसले. आपल्या घरात यंत्रसुद्धा बेसूर होतं, या विचाराने त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"नका मनाला लावून घेऊ," शोभाताई चहा ठेवत ओरडल्या. त्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे आणि ते ओरडणं आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं.

विनायकरावांनी उरलेल्या तारांपैकी एकीच्या खुंटीवर यंत्र लावलं आणि ती तार छेडली. तेवढ्यात लाइट गेली. माग थांबले. पायाखालची फरशी थांबली, कपाटाच्या काचा थांबल्या, आणि बॅटरीवरच्या त्या यंत्राने दोन गिरक्या घेऊन हिरवा दिवा दाखवला.

विनायकराव बघतच राहिले. जन्मल्यापासून ज्यांच्या खडखडाटात झोपले, ते माग त्यांना कधी ऐकूच आले नव्हते. बिचारं यंत्र मात्र तारेऐवजी मागांचीच थरथर ओळखत बसलं होतं.

गिटारचा स्पीकर लाइटीवाचून मुका पडला होता. पण त्या शांततेत नुसती तारही पुरेशी होती. विनायकरावांनी ती छेडली आणि मंगलाष्टकाची पहिली ओळ म्हटली. हळू म्हटली, कारण पहिल्यांदाच ओरडायची गरज नव्हती. मग दुसरी. मग थेट 'सावधान'पर्यंत गेले.

दारात तृप्ती उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

"दोन जागी घसरता बाबा," ती म्हणाली. "पण तुम्हीच म्हणा."

एवढ्यात लाइट आली आणि माग सुरू झाले. विनायकराव उठून कारखान्यात गेले. लाइट जाणं सोडलं तर त्यांचे माग आजवर कोणी थांबवले नव्हते. त्यांनी स्वतःच्या हाताने मेन स्विच पाडला. जुने कारीगर मोतीलाल घाबरून धावत आले.

"क्या हुआ सेठ? मशीन बिगडली का?"

"नाही," विनायकराव हळूच म्हणाले. "पोरीचं लग्न आहे."