आगाऊ टाळी

घूं असा आवाज काही केल्या जाईना. दीक्षाने वायर बदलली, प्लग उलटा घातला, ट्यूबलाइट बंद केली, कॉम्प्युटर खिडकीपासून कपाटापर्यंत ओढून नेला. रेकॉर्ड प्लेअर जुन्या बाजारातून आणला तेव्हा मुका होता. दुरुस्त करून बोलता केला, तर नुसता कण्हत होता. शेवटी वैतागून तिने त्याच्या लोखंडी पट्टीवर हात आपटला आणि घूं थांबलं. हात उचलला, पुन्हा सुरू. म्हणजे गाणं उतरवून घ्यायचं तर तीन मिनिटं वीस सेकंद पट्टीवर बोट टेकवून बसायचं. खोकायचं नाही, नाक खाजवायचं नाही.

खराडीच्या कंपनीत तिचं काम इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं होतं आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरी मात्र एका गाण्यापायी तीन शनिवार-रविवार गेले होते.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. येत्या रविवारी विश्रांतवाडीच्या विहारात पहिला स्मृतिदिन होता. बाबा, म्हणजे कोंडीराम, टपाल खात्यात पत्रं वेगळी करायचे. तरुणपणी ते श्यामसुंदर काकांच्या गायन पार्टीत होते आणि चौऱ्याहत्तर साली त्या पार्टीची एक रेकॉर्ड निघाली होती. बशीएवढी तबकडी, पाकिटाच्या पाठीवर छापलेलं : ‘साथ – उत्तरेश्वर, रंगराव, कोंडीराम.’ घरातला प्लेअर दीक्षाच्या जन्माआधीच बंद पडलेला. बाबा दिवाळीच्या साफसफाईत रेकॉर्ड काढायचे, “यात मी आहे,” म्हणायचे, फडक्याने पुसायचे आणि परत ठेवायचे. फोटो खंडीभर होते. आवाज मात्र दुसरा कुठेच नव्हता. मोबाइल त्यांनी घेतला तोसुद्धा मिस्ड कॉल देण्यापुरता.

त्या दिवशी पंचशील झालं की विहारात ते गाणं लावायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याची सीडी द्यायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आईला ऐनवेळी ऐकवायचं म्हणून सगळं काम हेडफोन लावून चाललं होतं. आई दारातून डोकावायची, लेक एक बोट पट्टीवर ठेवून डोळे मिटून बसलेली दिसायची, आणि काही न विचारता परत जायची.

पहिल्या शनिवारी तबकडी फिरवणारा रबरी पट्टा सैल होता, सगळे गायक तापाने फणफणल्यासारखे गात होते. दुसऱ्या शनिवारी मधल्या कडव्यात वीज गेली. तिसऱ्या खेपेला गाणं एकदाचं उतरलं, तर त्यात शेंगदाणे भाजत असल्यासारखी तडतड. ऑफिसातल्या अनिरुद्धने आवाज साफ करण्याचा प्रोग्रॅम दिला होता. ‘जिथे जिथे टक् होतं ना, ते तो स्वतःच शोधून काढतो. तू फक्त बटण दाब,’ असं म्हणाला होता. तिने बटण दाबलं. मग उरलेला कचरा स्क्रीनवर मोठा करून एकेक हाताने उपटला. तिसऱ्या कडव्याआधी वाद्यं क्षणभर थांबत होती. त्या शांततेत एकच ‘टप्’ होता, सपाट रेषेवर खिळा ठोकावा तसा उभा. तो काढताना तिला फार बरं वाटलं. डिस्क गच्च भरलेली, म्हणून जुन्याच फाइलवर साफ केलेली फाइल ठेवून दिली.

आणि कोरसमधला आवाज. तीन माणसं एकत्र गात होती आणि त्यातला मधला, जरा नाकातला, धृपदाच्या शेवटी किंचित लांबणारा आवाज तिने पहिल्याच दिवशी ओळखला होता. जेवायला हाक मारताना बाबा असंच शेवटचं अक्षर लांबवायचे. तिने तो आवाज प्रोग्रॅममध्ये थोडा उचलून घेतला. रोज ऑफिसला जायच्या आधी ती तेवढाच तुकडा ऐकायची.

शनिवारी दुपारी श्यामसुंदर काका उद्याचं ठरवायला आले. वय पंच्याहत्तर, गळा गेलेला, जीभ शाबूत.

“जय भीम, वहिनी. चहा नको, साखर वाढलीये. अर्धा कप चालेल.”

चाळीस सीड्या टेबलावर रचून ठेवलेल्या होत्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. दीक्षाने आईलाही बोलावून बसवलं, हेडफोन काढला आणि स्पीकरवर गाणं लावलं.

काका मान हलवत ऐकत होते. पहिलं कडवं संपलं तसं मान हलायची थांबली. तिसऱ्या कडव्यापर्यंत त्यांनी कप खाली ठेवला.

“झकास केलंयस. आता कोंडीरामला लाव.”

“काका, हेच ते. हे बघा, ऐका, हा मधला आवाज.” तिने तो तुकडा पुन्हा लावला.

“हा? हा उत्तरेश्वर. नाकात गायचा, कितीदा सांगितलं त्याला.”

“मग बाबा कुठला?”

काकांनी आईकडे पाहिलं. आईने पदराला हात पुसले. “अगं, ते कुठे गायचे? त्यांना सूर होता का कधी? टाळ्या वाजवायचे.”

“साथ लिहिलंय पाकिटावर.”

“टाळी म्हणजे साथ नाही तर काय, संध्याकाळचा फिरायला जाण्याचा कार्यक्रम?” काका म्हणाले. “कव्वालीच्या ढंगात बांधलेलं गाणं आमचं. टाळीशिवाय उभंच राहत नाही. तुझ्या या गाण्यात टाळ्याच नाहीत. कोणी पळवल्या?”

दीक्षाला कळायला फार वेळ लागला नाही. टक् होतं ते सगळं प्रोग्रॅमने शोधून काढलं होतं.

“आणि ती तिसऱ्या कडव्याची?” काकांनी आईला विचारलं. “ती तरी आहे का बघा, वहिनी.”

“नाही,” आई म्हणाली. “मघाशी मी तिचीच वाट बघत होते.”

मग काकांनी सांगितलं. मुंबईला ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तिसऱ्या कडव्याआधी सगळ्यांनी थांबायचं ठरलं होतं. सगळे थांबले. कोंडीरामने ठेक्याच्या आधीच टाळी दिली, एकट्याने. कंपनीचा साहेब म्हणाला, पुन्हा घ्यायला वेळ नाही, चालून जाईल. तेव्हापासून पार्टीत त्याचं नाव ‘आगाऊ’ पडलं.

‘काय आगाऊराव’ अशी हाक दीक्षाने लहानपणी अनेकदा ऐकली होती. इतका गरीब माणूस, याला उद्धट का म्हणतात, हे कोडं तिला सुटलं नव्हतं. विचारलं तर बाबा हसायचे.

“माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान,” काका कपातल्या चहाकडे बघत म्हणाले. “माझ्याआधी जायचं काही कारण नव्हतं. आगाऊच तो.”

दीक्षा तीन आठवडे ज्याला बाबा समजून ऐकत होती, तो उत्तरेश्वर नावाचा कोणी माणूस होता. आणि बाबा जिथे होते तिथे तिने स्वतः, हाताने, मोठं करून, बोळा फिरवला होता.

“आई, तू सांगायचं नाही का?”

“तू विचारलंस कधी? कानाला डबडी लावून बसायचीस. मला वाटलं ऑफिसचं काम.”

जुनी फाइल राहिलेली नव्हती. तिने रेकॉर्ड पुन्हा लावली. पहिल्यांदा सुई दुसऱ्या कडव्यातच अडकली आणि एकच शब्द सात वेळा म्हणत राहिली. दुसऱ्यांदा पट्टा घसरला. पट्टा काढून, उकळत्या पाण्यात बुडवून, पुसून परत बसवला, तोवर साडेपाच वाजले. काका घरी जायचं नाव घेत नव्हते. उलट खुर्ची पुढे ओढून सूचना करत होते. “बोट दाबू नकोस, नुसतं ठेव. टाळीसुद्धा दाबून येत नाही.”

“काका, आपण गप्प बसलात तर बरं होईल.”

“तुझा बापही असंच म्हणायचा.”

तिसऱ्यांदा गाणं सरळ गेलं. या वेळी हेडफोन नव्हता. शेंगदाणे भाजल्याची तडतड होती, आणि तिच्या आत, खाली, टाळ्या होत्या. पहिल्या दोन कडव्यांत कुठली टाळी आणि कुठली धूळ हे तिला सांगता येईना. तिसऱ्या कडव्याआधी सगळे थांबले. टप्. आई मान खाली घालून बसली होती, तिने ती वर केली नाही.

स्क्रीनवर तो खिळा परत उभा होता. दीक्षाने सवयीने तो मोठा केला. टाळी आणि नंतरचा ठेका यांच्यातलं अंतर मोजलं : शून्य पूर्णांक एकेचाळीस शतांश सेकंद. बराच वेळ ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग साफ करण्याचा प्रोग्रॅम बंद केला, फाइलला नवं नाव दिलं आणि ती जशीच्या तशी ठेवली.

टेबलावरच्या चाळीस सीड्या तिने पिशवीत भरून दाराशी नेऊन ठेवल्या. नव्या कोऱ्या सीड्या घरात सहाच उरल्या होत्या. कोपऱ्यावरचं दुकान आठला बंद व्हायचं. ती चपला घालू लागली.

“दीक्षा,” काकांनी मागून हाक मारली. “उत्तरेश्वरचा आवाज जरा कमी कर बाई. फार पुढे आलाय.”

“या वेळी मी कशालाच हात लावलेला नाही, काका,” ती म्हणाली. “तो मूळचाच तसा आहे.”